आधी पाणी पाजा

मुख्याध्यापकबाई, सरपंच, गुरुजन, पालक आणि हा पाहुणा कधी उरकतोय म्हणून पडद्यामागे ताटकळलेल्या कलाकारांनो,

पत्रिकेत माझ्या नावाखाली विषय छापलाय, ‘प्राण्यांची मैत्री आणि मुलांची संवेदनशीलता’. विषयावर येतो. पण या पटांगणात पाऊल टाकलं आणि नजर आधी गेली ती पाचवीच्या खिडकीकडे. तिला लागून तेव्हा एक गोठा होता. भागाकार रंगात आला की एक खिलार खोंड खिडकीतून तोंड आत घालायचं. दुसऱ्या कुणी ते हुसकलं असतं. आमच्या गुरुजींनी एक दिवस खडू ठेवला आणि विचारलं, “याचं आज काय बिनसलंय, सांगा बरं?” सगळा वर्ग गोठ्यात. नाक कोरडं पडलेलं, कान गार, रवंथ बंद. धन्याला बोलावून आणलं. गुरुजी पहिल्या रांगेत बसलेत म्हणून सांगतो, त्या दिवशीचा भागाकार राहिला तो राहिलाच. पुढं परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात गेलो. 1886 सालचं ते कॉलेज. तिथं आजारी जनावर कसं ओळखावं असं विचारलं, तेव्हा मुंबईची पोरं पुस्तक चाळत होती आणि माझा हात वर होता.

तर विषय. जनावर कुठं दुखतंय ते सांगत नाही. गाय तर दुखणं लपवते; कळपात दुबळं दिसलं की शिकारी आधी तिलाच गाठणार, ही तिची जुनी भीती. म्हणून आपल्याला बघावं लागतं. अशी बघायची सवय लागलेलं पोर, शेजारच्या बाकावरच्यानं आज डबा का उघडला नाही, हेही बघतं. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेविन्सन म्हणून मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ होते. माणसांपासून दूर राहणारी मुलं आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ आधी मोकळी होतात, असं त्यांनी 1962 साली लिहून ठेवलं. शास्त्र एवढंच सांगतो, मागं चुळबुळ सुरू झालीय.

माझं म्हणणं एकच आहे. घरातल्या प्रत्येक पोराच्या वाट्याला जनावराचं एक काम पाहिजे. लाड नव्हे, काम! वासराच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला म्हणजे माया झाली नाही. शेण काढा. वैरण टाका. पाणी पाजा. गोठा नसेल, मांजर असेल, तर तिची वाटी घासा. समोरच्या ताई मान हलवताहेत, पोराला अभ्यास असतो म्हणून. ताई, दहा मिनिटं लागतात.

2012-13 च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत जाणं व्हायचं. जनावरांबरोबर घरंच्या घरं तिथं मुक्कामाला आलेली. एक सहावीतला पोरगा माझ्या मागं लागला, “डॉक्टर, आमच्या बैलाला बघा.” वडील म्हणाले, त्याला काही झालेलं नाही. पोरगा हटेना. “मी बादली ठेवली की तो लगेच पुढं येतो. काल आला नाही.” पाय उचलून पाहिला, तर खुरात खिळा. वडिलांची माया कमी नव्हती. पण बादली रोज पोरगा ठेवत होता.

आणि मगाशी फाटकापाशी कुत्रीला दगड मारणारे दोघं मी पाहिलेत. नाव घेत नाही, पण एकाच्या अंगावर मावळ्याचा पोशाख आहे. अरे, ती व्यालीय म्हणून गुरगुरते! पिल्लांजवळच्या, खाणाऱ्या, झोपलेल्या कुत्र्याच्या वाटेला जायचं नाही. चावलंच तर मारतील म्हणून घरी लपवायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक दवाखाना, लस. आज्या बसल्यात म्हणून सांगतो, जखमेत मिरची भरायची नाही.

बाई, एक मागणं आहे. आपल्या माणदेशचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या भिंतीला जनावरांसाठी पाण्याची डोण बसवू. डोण माझ्याकडून, भरायची पाळी वर्गवार, पहिली पाळी त्या मावळ्याची. नळाचं कनेक्शन ग्रामपंचायतीनं द्यावं. सरपंच, तुम्ही आत्ता मान डोलावलीत, ती सगळ्या गावानं बघितलीय. चला, बक्षिसं घ्या.