रक्तातील प्रथिनाची साक्ष



लक्षणांवरून रोग ओळखावा हा वैद्यकाचा जुना शिरस्ता आहे. परंतु लक्षणे ज्या प्रथिनाच्या विकृतीतून उद्भवतात त्या प्रथिनाचेच पृथक्करण केले, तर रोगाचे कारण, परीक्षा आणि इलाज या तिन्ही गोष्टींचा उलगडा एकाच ठिकाणी होतो, हे मला आज सिकलसेल या विकाराच्या आधारे आपणांपुढे मांडावयाचे आहे. विदर्भातील आणि नंदुरबारकडील पुष्कळ घरांत हा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

शिकागोचे डॉ. हेरिक यांनी १९१० साली एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद केली. पण पेशी का वाकते, हे केवळ सूक्ष्मदर्शकातून कळण्याजोगे नव्हते. १९४९ साली कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, विद्युत्‌क्षेत्रात रुग्णाच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन हे प्रथिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनाहून वेगळ्या रीतीने सरकते, आणि वाहकाच्या, म्हणजे एकाच पालकाकडून हा दोष आलेल्या माणसाच्या, रक्तात ही दोन्ही हिमोग्लोबिने एकत्र नांदतात. रोगाचे मूळ एका रेणूत आहे, हे प्रथमच सिद्ध झाले.

मग १९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने हिमोग्लोबिनाचे तुकडे केले, ते कागदावर ठेवून आधी विद्युत्‌प्रवाहाने एका दिशेस आणि नंतर द्रावकाच्या ओघाने काटकोनात दुसऱ्या दिशेस पसरविले. कागद रंगविताच सुमारे तीस ठिपके उमटले. निरोगी आणि रुग्ण यांचे कागद शेजारी ठेवून पाहता बाकी सारे ठिपके जुळत होते, एकाच ठिपक्याची जागा बदललेली होती. हिमोग्लोबिनाच्या १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते, एवढाच तो फरक. पण प्राणवायू सुटताच असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब तंतू बनतात, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि रुग्ण असह्य वेदनांनी तळमळतो.

तपासणीही याच ज्ञानावर उभी आहे. विद्राव्यता चाचणीत द्रावण गढूळ झाले म्हणजे विकृत हिमोग्लोबिन असल्याचा संशय येतो. मात्र रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे त्यावरून ठरत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनाचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावी लागते. तेव्हा कुठे कागदावर ‘एएस’ (वाहक) अथवा ‘एसएस’ (रुग्ण) लिहिले जाते. ‘एएस’ असलेला माणूस बहुधा निरोगी आयुष्य जगतो; त्याला रोगी ठरवून त्याच्या सोयरिकी मोडणे हे अज्ञान होय. दोन्ही जोडीदार ‘एएस’ असल्यास प्रत्येक अपत्य ‘एसएस’ होण्याचा संभव चारात एक असतो, हे मात्र लग्नापूर्वीच उभयतांना समजावून सांगितले पाहिजे.

इलाजाची दिशाही प्रथिनानेच दाखविली. नवजात अर्भकास हा त्रास जाणवत नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन विपुल असते. हायड्रॉक्सीयुरिया तेच हिमोग्लोबिन वाढविते आणि वेदनांचे झटके कमी करते, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवून दिले.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, तपासणीचा आकडा दप्तरात नोंदवून कोणत्याही सरकारी खात्याने आपली जबाबदारी संपली असे मानू नये. ज्याच्या रक्ताची परीक्षा झाली त्याला तिचा अर्थ त्याच्या बोलीत समजावा आणि औषध त्याच्या तालुक्यातच नियमित मिळावे. एवढे घडेल तेव्हाच प्रयोगशाळेतील हे ज्ञान रुग्णाच्या खऱ्या उपयोगी पडेल.