ट्रॅक्टर सुरू होतानाचे आवाज : दोष कसा ओळखावा?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो, यंत्रांचा अभियंता नव्हे. तेव्हा पेरणीचे सोडून हा गृहस्थ इंजिनावर का बोलतो, असे आपणास वाटेल. कारण पेरणीचेच आहे. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असे आम्ही दरवर्षी सांगतो. पाऊस झाला, काळ्या जमिनीत वाफसा आला आणि नेमक्या त्याच सकाळी ट्रॅक्टर नुसता ‘टक्’ करून गप्प बसला, तर त्या शिफारशीचा काय उपयोग?

आमच्या घरी असेच घडले. वडिलांनी चावी फिरवली, एकच ‘टक्’ झाला. बॅटरी गेली असे समजून नवी आणली. पुन्हा तोच आवाज. मग मिस्त्रीने सेल्फ काढून तालुक्याला नेला. दोन दिवसांनी तो बसवला, तरी ‘टक्’च! अखेर दोष निघाला बॅटरीपासून चॅसीला जाणाऱ्या अर्थिंगच्या केबलमध्ये. बोल्टखाली गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला आणि इंजिन पहिल्याच दमात सुरू झाले. तोवर पुन्हा पाऊस लागला होता. सोयाबीनची पेरणी आठ दिवस लांबली. बॅटरीचा खर्च वडील मला अजून ऐकवतात, कारण ती बदला असे मीच म्हणालो होतो.

म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी आवाज नीट ऐकावा. चावी फिरवताच ‘टक्-टक्-टक्’ असा भराभर आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. एकच जोरदार ‘टक्’ झाला, तर आधी हेडलाइट लावून पाहावेत. सेल्फ मारताना दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी किंवा तिची जोडणी तपासावी. दिवे तसेच प्रखर राहिले, तर वीज सेल्फच्या मोटारीपर्यंत पोचत नाही. सोलेनॉइडचे संपर्कबिंदू किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असू शकतात. ते काम मिस्त्रीचे.

जोडणीचा दोष पकडण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे, आणि तो घरात असावाच असे माझे मत आहे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी, गाडी काही तास उभी असताना, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास दाखवली, तर ती अर्धीच भरलेली आहे असे समजावे. आता ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपचा दांडा ओढून धरावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवावी आणि दुसऱ्या माणसास चावी फिरवण्यास सांगावे. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले, तर अर्थिंग खराब आहे. आमच्याकडे ही तपासणी केली असती, तर वाफसा हातचा गेला नसता.

बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड दिसली, तर केबल काढून, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून खुंट्या धुवाव्यात. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावावी. केबल काढताना ऋण टोक आधी काढावे, लावताना शेवटी लावावे. नाहीतर पाना लोखंडाला लागून ठिणगी उडते.

सेल्फ ‘घुंऽऽ’ करून मोकळाच फिरतो पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स घसरत असते. ‘खर्रर्र’ असा दातावर दात घासल्याचा आवाज आला, तर बेंडिक्स किंवा फ्लायव्हील रिंगचे दात झिजलेले असतात. इंजिन बंद होताना ठराविक जागीच थांबते, त्यामुळे रिंग सगळीकडे सारखी झिजत नाही. हंगामाच्या घाईत इंजिन थोडे फिरवून दुसरे दात समोर आणता येतात, पण रिंग बदलण्याचे काम टाळू नये. जीप व पिकअपलाही हे सारे लागू आहे.

इंजिन सुरू झाल्यानंतरचे आवाज वेगळे. थंडीच्या सकाळी डिझेल इंजिन दोन-तीन मिनिटे ठोकते, मग शांत होते. त्याची काळजी नको. गरम झाल्यावरही ठोका कायम राहिला व धूर काळा असला, तर नोझल तपासून घ्यावेत. वरच्या झाकणाखाली बारीक ‘टिक्-टिक्’ असेल, तर टॅपेटचे अंतर माहितीपुस्तिकेप्रमाणे लावून घ्यावे. परंतु खालून जड ‘धड्-धड्’ येत असेल आणि ऑइलचा दिवा विझत नसेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. मिस्त्रीला ऐकवण्यासाठी म्हणूनही पुन्हा सुरू करू नये. बेअरिंगवर भागणारे काम त्या दोन मिनिटांत क्रँकशाफ्टपर्यंत जाते.

आणखी एक गोष्ट. चावीने दाद दिली नाही की खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फची टर्मिनले जोडण्याची सवय अनेकांना आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर इंजिन लागताच तो पुढे सरकतो आणि माणूस नेमका मागच्या मोठ्या चाकासमोर उभा असतो. असे जीव गेलेले आहेत. ज्यांच्या घरी मुले किंवा सालगडी ट्रॅक्टर चालवतात, त्यांनी हे आज संध्याकाळीच घरी सांगावे.