मुंग्यांची रांग आणि कपाशीचा पतंग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक मला म्हणाले, "तुझं कृषी केंद्र आहे, शेतीवर पाच मिनिटं बोल." शेतीवर बोलायचा अधिकार माझ्यापेक्षा समोर बसलेल्या निम्म्या लोकांना जास्त आहे. म्हणून मी वासावर बोलतो.

सर, तुम्हाला आठवते का? आठवीत असताना वर्गाच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती. तुम्ही धडा थांबवला, ओले बोट रांगेवरून आडवे फिरवले आणि म्हणालात, "आता पाहा." मुंग्या तिथे येऊन थबकल्या, गोल गोल फिरू लागल्या. त्यांचा रस्ता वासाचा असतो आणि तुम्ही तो पुसला होता. आम्हाला मजा वाटली ती धडा थांबल्याची. वासाचा अर्थ मला कळायला पुढे तीस वर्षे लागली.

कीटक एकमेकांशी वासाने बोलतात. फ्रान्समध्ये फाब्र नावाच्या निरीक्षकाने मोठ्या पतंगाची एक मादी जाळीखाली ठेवली, तर रात्रीच्या अंधारात नरांचा थवा घरात शिरला. जर्मनीत बुटेनांट यांनी रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींमधून तो गंध वेगळा काढला. वीसेक वर्षे खपल्यावर १९५९ साली त्याची रचना कळली. त्याच वर्षी अशा गंधांना 'फेरोमोन' हे नाव मिळाले. मराठीत आपण कामगंध म्हणतो. शब्द उच्चारताना गावात अजून लोक हसतात, हसू द्या.

आता कपाशीवर येतो. २०१७ साल इथे कोणी विसरलेले नाही. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती. अळी अंड्यातून निघाली की लवकरच बोंडात शिरते आणि छिद्रही बुजते. मग वरून कितीही फवारा, तिला लागत नाही. तरी लोक फवारत होते आणि मी विकत होतो. आपल्याच वर्गातला, मागच्या बाकावर बसणारा एक मित्र दुकानात आला. मी त्याला दोन औषधे एकत्र करून फवारायला सांगितले. हातमोजे, मास्क, काही बोललो नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी, दुपारची वेळ. संध्याकाळी त्याला दवाखान्यात न्यावे लागले. तो वाचला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि मजूर गेले. नाव घेत नाही, तो समोरच बसला आहे. त्याने मला कधी दोष दिला नाही, त्यामुळे माझे ओझे कमी झालेले नाही.

त्यानंतर मी सापळे विकायला लागलो. नफा थोडा, समजावणे फार. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध म्हणजे दोन जुळ्या रेणूंचे साधारण निम्मे-निम्मे मिश्रण. १९७३ साली तो ओळखला गेला. आता तो रबराच्या छोट्या ल्यूरमध्ये भरून मिळतो. नर वासावर येतो आणि खालच्या पिशवीत पडतो. हिरव्या बोंडअळीचा ल्यूर वेगळा. दोन्ही एकाच सापळ्यात टांगू नका. एकरी दोन सापळे, पिकाच्या शेंड्याच्या जरा वर, आणि ल्यूर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायचा.

एक गैरसमज मात्र मीच दूर करतो, नाहीतर म्हणाल दुकानदार माल खपवतोय. एवढ्या सापळ्यांनी अळी संपत नाही. यात फक्त नर सापडतात आणि वाचलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. हा सापळा घड्याळासारखा आहे. सलग तीन रात्री सापळ्यामागे सरासरी आठ पतंग आले, तर वेळ झाली. तेव्हा डोमकळ्या पाहायच्या, हिरवी बोंडे फोडून पाहायची, आणि मगच फवारणीचा विचार करायचा. त्याआधीची फवारणी म्हणजे पैसेही गेले आणि जीवही धोक्यात. वासाने नराला गोंधळवायचीही एक रीत आहे. शेतभर गंधाचे दोर बांधले की खरी मादी कुठे आहे हे त्याला उमगत नाही. सरांच्या ओल्या बोटाचेच हे उलटे रूप. सरांनी वास पुसला, इथे तो सगळीकडे फासतात. पण हे एकट्याच्या दोन एकरांत साधत नाही, शेजाऱ्याच्या शेतातून मीलन झालेली मादी उडत येते. सगळ्या शिवाराने मिळून करायचे काम आहे. आणि फरदड ठेवली तर सगळेच व्यर्थ, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी निम्मे गाव फरदड ठेवते.

मागच्या बाकावरचा तो मित्र आता रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजतो आणि मला फोन करतो. काल म्हणाला, "चार." एवढेच बोलून ठेवला.

मागे टेबलावर तीन सापळे ठेवले आहेत. जेवणाआधी जरूर पाहा. फक्त ल्यूरला बोट लावू नका, आणि ज्यांनी आत्ताच खर्रा चोळला आहे त्यांनी तर लांबूनच पाहा. तुमच्या हाताचा वास लागला, तर पतंग यायचा नाही.