तबकडीची दुसरी बाजू

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दीच्या व्यासपीठावरून मराठीच्या प्राध्यापकाने ग्रंथांविषयी बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. तरीही आज मी आपले लक्ष जिन्याखाली ठेवलेल्या एका लाकडी पेटीकडे वेधणार आहे. एका दिवंगत सभासदाच्या कुटुंबीयांनी दिलेल्या ६१ ध्वनिमुद्रिका तिच्यात आहेत. तीन वर्षांपूर्वी कार्यकारी मंडळाच्या सभेत ही पेटी रद्दीत काढावी, असा ठराव आला होता. वाजवायला यंत्र नाही, ऐकायला माणूस नाही आणि दिवाळी अंकांना जागा पुरत नाही, हा युक्तिवाद मला त्या वेळी बिनतोड वाटला. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो. अवघ्या एका मताने तो ठराव पडला. ज्यांचे ते मत होते ते गृहस्थ आज मागच्या रांगेत बसले आहेत आणि त्यांच्याकडे पाहून बोलणे मला थोडे जड जात आहे.

खरे सांगायचे तर माझा हा अपराध पहिला नव्हे. वडिलांचा फोनो मी १९९१ साली दोनशे रुपयांना विकला आणि त्यात भर घालून कॅसेट वाजविणारे यंत्र आणले. त्या काळी हे प्रगतीचे लक्षण होते. त्या कॅसेटींची फीत आज बुरशीने चिकटून बसली आहे.

माझे मत पालटले ते विद्यार्थ्यांमुळे. गेल्या वर्षी आमच्या तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी काखेत चौकोनी, चपटी पिशवी घेऊन आली. मला वाटले, चित्रकलेचा फळा असावा. पिशवीतून निघाली उस्ताद अमीर खाँ यांची ध्वनिमुद्रिका, मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेली. तिने विचारले, “सर, ही कुठं ऐकायला मिळेल?” तिच्या घरी वाजविण्याचे यंत्र नव्हते. ज्या शहरात अमीर खाँ वाढले, जिथे त्यांचे वडील शहामीर खाँ सारंगी वाजवीत, त्या शहरात खाँसाहेबांची तबकडी हातात घेऊन एक मुलगी ती ऐकण्याची जागा शोधत होती. मला आनंद झाला आणि शरमही वाटली.

यंत्राआधी तबकडी घेणारी ही मुलगी एकटी नाही. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झाले. १९८६ नंतर असे प्रथमच घडले. २०२२ साली नगांच्या संख्येतही तबकडीने सीडीला मागे टाकले: सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या आणि ३ कोटी ३० लाख सीडी. पण त्याच देशातील ल्युमिनेट या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तबकडी विकत घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडेच ती वाजविण्याचे यंत्र असल्याचे आढळले. उरलेल्यांची तबकडी भिंतीवर टांगली जाते, फळीवर उभी राहते. हसू नका. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ज्ञानकोशाचे खंड ज्यांनी एकदाही न उघडता मिरविले, त्या घरांत आपले जाणेयेणे असतेच.

तरुणांना तबकडी का आवडते, असे विचारले की पहिले उत्तर येते: आवाज अधिक खरा, अधिक उबदार. यात तथ्य किती? तबकडीच्या खोबणीत आवाजाच्या लहरीचा आकारच कोरलेला असतो. सुई त्या नागमोडी वाटेवरून जाते, थरथरते आणि त्या थरथरीतून पुन्हा लहर उभी राहते. याला अ‍ॅनालॉग म्हणतात. सीडीत त्याच लहरीची मोजमापे असतात, सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली. मात्र मोजमापे म्हटली की काहीतरी गळले असणार, ही समजूत बरोबर नाही. अतिमंद आणि अतितार आवाज यांमधला सीडीचा आवाका तबकडीपेक्षा मोठा आहे. उलट तबकडीवर सुई मध्याकडे सरकू लागली की वेढे लहान होत जातात आणि आवाज किंचित फाटतो.

या बाबतीत २०२२ सालची एक घटना उद्बोधक आहे. मोबाईल फिडेलिटी ही अमेरिकेतील कंपनी जुन्या मूळ फितींवरून महागड्या तबकड्या काढते. रसिकांची समजूत अशी की, या सर्व तबकड्या निखळ अ‍ॅनालॉग पद्धतीने घडतात. त्या वर्षी उघड झाले की २०११ पासून त्यांतील अनेक तबकड्यांच्या निर्मितीत अंकीय प्रत हा एक टप्पा होता. फसवणुकीचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयातही गेले. पण त्याच तबकड्यांच्या उबदारपणाची वाखाणणी जाणकार म्हणविणाऱ्या कानांनी दहा वर्षे केली होती. तेव्हा आवाजाच्या शुद्धतेचा दावा आपण बाजूला ठेवू.

मला पटलेले उत्तर मिळाले ते एका मुलाकडून. तो म्हणाला, “सर, फोनवर गाणं निवडण्यातच संध्याकाळ संपते. ही लावली की वीस मिनिटं उठावंसंच वाटत नाही.” या एका वाक्यापुढे माझी सगळी जमवाजमव फिकी पडली. महिन्याची वर्गणी भरली की जगातले बहुतेक संगीत भ्रमणध्वनीत येऊन पडते, आणि अमर्याद पर्याय समोर असले की ऐकणे पुढे पुढे ढकलले जाते. तबकडीला काठ असतो. तिला उठून उलटवावे लागते.

हा काठ आपल्या संगीताला प्रथम जाचक वाटला होता. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. ज्या गायकीत तीन मिनिटांत आलापाची प्रस्तावनाही होत नाही, तिला या चिमटीत बसवायचे होते. अनेकांनी नाके मुरडली. पण अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या ऐका. तीन-साडेतीन मिनिटांत रागाचे पुरे दर्शन घडते आणि घाई कुठे दिसत नाही. पुढे १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला तेहतीस आणि एकतृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी आली, तेव्हा एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाला. अमीर खाँ यांच्या अतिविलंबित गायकीला जणू तिचीच प्रतीक्षा होती. माझ्या विद्यार्थिनीच्या हातातली तबकडी तीच, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी उत्तररात्रीची. शास्त्राप्रमाणे तबकडी उलटविताना मध्ये काही तास जायला हवेत. आमच्या मुलांनी दोन्ही बाजू सकाळी अकरा वाजता लागोपाठ ऐकल्या. मी काही बोललो नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे साहित्याकडे येतो. कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता आपणां सर्वांना ठाऊक आहे. जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३२ साली तिची तबकडी निघाली आणि ती घरोघरी पोचली. मराठी भावगीताच्या इतिहासाचा आरंभ अनेक अभ्यासक या तबकडीपासून धरतात. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह प्रसिद्ध झाला १९५४ साली. म्हणजे बावीस वर्षे ही कविता अनेकांना कानांनीच ठाऊक होती. मराठी काव्याच्या प्रकाशनाचा इतिहास लिहिताना आम्ही प्राध्यापक मंडळी नियतकालिके पाहतो, संग्रहांच्या आवृत्त्या पाहतो. तबकडीला प्रकाशन मानण्याची सवय आम्हांला लागली नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना तर हा मुद्दा अधिक लागू पडतो. पुण्यामुंबईचे नाटक इंदुरात येईल तेव्हा येई. बालगंधर्वांचे पद मात्र पेटीत बंद होऊन आगगाडीने येत असे. माळव्यातल्या मराठीने आपले उच्चार टिकविले, त्यात या तबकड्यांचाही हात असावा, असा माझा तर्क आहे.

म्हणून तरुणांच्या या ओढीचे स्वागत करतानाच माझी एक तक्रार आहे. नव्या दुकानात मिळते ती विनाइलची तबकडी, बहुधा कुठल्यातरी परदेशी लोकप्रिय गीतसंग्रहाची. तिचे संगीत इतरत्रही सुरक्षित आहे. ती हरवली तर जगाचे काही जात नाही. आपल्या पेटीतल्या तबकड्या लाखेच्या आहेत, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. त्यांतील काहींची दुसरी प्रत कुठे असेल, कोणी सांगावे! त्या हातातून पडल्या की फुटतात. त्यांना दीर्घ तबकडीच्या साधारण तिप्पट रुंद टोकाची सुई लागते आणि आजच्या पुष्कळ यंत्रांत ७८ चा वेग नसतोच. त्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. आणि कृपा करून कोणी स्पिरिटने पुसू नयेत, कारण लाख त्यात विरघळते. आमच्यापैकी एका उत्साही गृहस्थांनी हा प्रयोग एका तबकडीवर केला आहे. ते मी नव्हे, एवढेच सांगतो.

तबकडी जपायची म्हणजे अंकीय तंत्राशी वैर धरायचे, असेही नाही. दर वेळी सुई फिरते तेव्हा खोबणी थोडी झिजतेच. एकदा नीट वाजवून अंकीय प्रत करून ठेवणे हाच शहाणपणा. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांच्या याद्या तपशीलवार प्रसिद्ध झाल्या. आपल्या इंदूरजवळ पिगडंबरला लता मंगेशकर यांच्या नावाचे ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय आहे. वाट आखलेली आहे, आपण तिच्यावर चालायचे आहे.

थोडे चाललोही आहोत. एका सभासदांनी घरचा चार वेगांचा जुना फोनो दुरुस्त करून वाचनालयाला दिला. त्याच्या सुईची कळ फिरवली की एका बाजूने लाखेची आणि दुसऱ्या बाजूने दीर्घ तबकडी वाजते. उन्हाळ्याच्या सुटीत तीन विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांकडून शिकून घेऊन ६१ तबकड्यांची दाखलनोंद केली: गायक, पद, क्रमांक, स्थिती. १४ तडकलेल्या निघाल्या. चोरबाजारातून तबकडी आणणारी ती मुलगी या तिघांत होती.

एका तबकडीची नोंद मात्र अपुरी राहिली आहे. तिच्यावरचा कागद कसरीने खाल्ला आहे. गाणे नाट्यपदाच्या चालीचे, आवाज स्त्रीचा, कर्ण्यासमोर मोठ्याने गायिलेला. त्या काळी गाणे संपताच गायिका आपले नाव स्वतः उच्चारीत, म्हणजे जर्मनीतल्या कारखान्यात छापखान्याला कळावे की ही कोणाची. या तबकडीतही ती काहीतरी बोलते. पण शेवटच्या वेढ्यांवर खोल ओरखडा आहे आणि नेमकी नावापाशी सुई उडते. कागदाशेजारी कोरलेल्या आकड्यांपैकी चारच वाचता आले. ते उतरवून मुलांनी जाणकारांकडे पाठविले आहेत.

येत्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता वरच्या दालनात आम्ही ती तबकडी वाजविणार आहोत. ज्यांच्या घरी आजी-पणजीच्या काळापासून फोनो होता, त्यांनी अवश्य यावे. शक्य झाल्यास घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर आणावे. जिना चढता येत नसेल तर आम्ही फोनो खाली आणू.