पडद्यावरचा सांधा



याच शाळेतील भूमितीच्या तासाला मी काटकोन आखायला शिकलो. पुढे बडोद्यातील कारखान्यांत तोच काटकोन संगणकाच्या पडद्यावर आखण्यात माझी उमेद गेली. आज त्या काटकोनाने केलेल्या फजितीविषयी बोलतो.

नोकरीच्या आरंभी एका यंत्राची साडेतीन मीटर लांबीची पोलादी चौकट मी संगणकावर रेखली. पडद्यावर ती निर्दोष होती. वेल्डिंग संपून ती निवली, तेव्हा मधोमध आठ मिलिमीटर वाकलेली निघाली. आतला एक सांधा तर राहूनच गेला होता. वयोवृद्ध वेल्डर एवढेच म्हणाले, "साहेब, इथे माझा हात कसा जाणार, ते दाखवा." मला उत्तर देता आले नाही.

एक मीटर लांबीची पोलादी पट्टी शंभर अंशांनी तापली, तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. सांध्यापाशी तर पोलाद पंधराशे अंशांच्या आसपास वितळते. तो भाग निवताना आकसू पाहतो, भोवतालचा थंड भाग त्याला अडवतो. या ओढाताणीत वस्तू वाकते. वाकली नाही, तर ताण आत दडून राहतो. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज प्रचंड आवाज होऊन दुभंगले. दोष एकट्या ताणाचा नव्हता. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि सदोष सांधेही कारणीभूत होते. मात्र रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेशी थांबण्याचा संभव असे. वेल्डिंगने अखंड झालेल्या कवचात ती धावत गेली.

आज संगणक हे आकुंचन आधीच अजमावतो. कोणता सांधा प्रथम, कोणत्या बाजूने, सलग की तुकड्यातुकड्यांनी, हे पोलाद न जाळता पडताळता येते. यंत्रमानवाची टॉर्च सांध्यापर्यंत पोहोचेल का, तेही दिसते. परंतु पत्र्याची जाडी, विद्युतप्रवाह, हाताचा वेग, शिकंजे कोठे आवळले, ही माहिती कर्मशाळेतूनच यावी लागते. ती चुकीची भरली, तर उत्तरही तितक्याच ऐटीत चुकीचे येते!

दुसरा आराखडा मी त्या वेल्डरांशेजारी स्टुलावर बसून केला. आतल्या सांध्यासमोर हात जाईल एवढी खिडकी ठेवली, सांध्यांना क्रम दिला, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घेतल्या. ही चौकट दीड मिलिमीटरच्या आत उतरली. पहिली चौकट पुढे कित्येक वर्षे कारखान्यामागे जेवणाच्या सुट्टीत बाक म्हणून वापरात होती. मीही तिच्यावर बसत असे.