रूप, नाव आणि माणूस
(महोत्सवी सभेतील भाषण)



माणसाची ओळख बाह्यरूपावरून ठरते की अंतरंगावरून, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे तात्त्विक उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आपल्याच वडोदरे नगरीत १९१७ साली घडलेली एक हकीकत या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते. ती आज आपल्यापुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठात व पुढे लंडनमध्ये अध्ययन करून ते १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या चाकरीसाठी येथे आले. वय २६ वर्षांचे, विद्या मोठी. परदेशी राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. येथे येताच ती परत जागी झाली. राहावयाचे कोठे, हाच पहिला प्रश्न पडला!

हिंदूंच्या खाणावळीत खरी जात सांगून जागा मिळणे शक्य नव्हते. तेव्हा ते एका पारशी धर्मशाळेत गेले. अंगातला कोट उतरताच तेथील व्यवस्थापकास दिसले की, पाहुण्याच्या अंगावर सदरा नाही व कमरेला कस्ती नाही. अखेर नोंदवहीत पारशी नाव लिहावयाचे ठरले आणि जागा मिळाली. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहाबारा लोक दारात उभे राहिले. संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे त्यांनी विचारून पाहिले; दोघांनीही आपली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री ९ वाजता होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. तीच आजची सयाजीबाग, जेथे आपली मुलेबाळे खेळावयास जातात.

मंडळी, त्यांच्या चेहऱ्यात किंवा पोशाखात खटकण्यासारखे काय होते? काही नाही. अंतरंग तर कोणी पाहिलेच नाही. रूप आणि अंतरंग यांच्यामध्ये आडवी आली ती तिसरीच ओळख, लोकांनी जन्माबरोबर चिकटविलेली. अंतरंग ही काही गाभाऱ्यात कुलूप लावून ठेवलेली वस्तू नव्हे. लोक आपणांस ज्या नजरेने पाहतात, तिचे ओरखडे आतपर्यंत उठतात. विद्वान माणसाचे जर असे झाले, तर गरीब, अशिक्षित माणसाचे काय होत असेल?

पण केवळ लोकांच्या नजरेने माणूस घडत नाही, हेही तितकेच खरे. ज्यास या शहरात निवारा मिळाला नाही, तोच पुढे १९४७ साली घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. त्या घटनेच्या १५व्या अनुच्छेदाप्रमाणे धर्म, जात वा जन्मस्थान यांवरून कोणासही दुकानात, उपाहारगृहात वा हॉटेलात मज्जाव करता येत नाही.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपणांस पगडी, नऊवारी, सणवार ही बाह्य चिन्हे प्रिय आहेत, आणि ती असावीतच. त्यांच्यामुळे आपले माणूस आपणांस ओळखू येते. पण ज्या चिन्हाने आपला ओळखावा, त्याच चिन्हाने परका हुडकून दाराबाहेर काढणे, हा त्याचा दुरुपयोग होय. १९१७ साली या नगरीत मराठी घरे काही थोडी नव्हती. तरीही एका मराठी तरुणाला नाव बदलून राहावे लागले, हे आपण विसरता कामा नये.

आपल्या संस्थेचे अतिथिगृह आहे, विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. आडनावाचा कानोसा घेऊन जागा नाकारण्याची रीत जगातून अजून गेलेली नाही. म्हणून विश्वस्तांस आमची एकच विनंती आहे. आपल्या नोंदवहीत नाव, गाव आणि येण्याचे काम एवढेच रकाने असावेत. आपल्या दारी आलेल्या कोणासही दुसऱ्याचे नाव घेऊन राहण्याची पाळी येऊ नये.