नव्वद वेशींचं शहर



‘गावकुसाबाहेर’ हा शब्द या सभागृहात मला समजावून सांगावा लागणार नाही. वेशीच्या आत कोण, बाहेर कोण, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसकरांनी निराळी युक्ती काढली. नकोशी माणसं शेजारी येणार असं दिसलं, की आपल्याच भोवती नवी वेस घालायची आणि तिला नगरपालिका म्हणायचं.

पहिली वेस मात्र वंशद्वेषापेक्षा कंजूषपणातून आली. 1876 साली शहर सधन होतं, भोवतालची काउंटी, म्हणजे आपला जिल्हा म्हणा, शेतकऱ्यांची. खेड्यांचा खर्च आम्ही का सोसायचा, म्हणून शहराने काउंटीशी काडीमोड घेतला आणि आपली हद्द सुमारे 61 चौरस मैलांवर कायमची गोठवली. पुढे पैसेवालेच हद्दीपलीकडे राहायला गेले, आणि शहराला त्यांच्यामागे सरकता येईना. 1950 साली साडेआठ लाखांवर असलेली वस्ती 2020 मध्ये तीन लाखांवर आली.

शहरात तोवर काय चाललं होतं? 1916 साली लोकांनी मतदान करून कायदा केला, की गोऱ्यांच्या गल्लीत काळ्यांनी राहायला जायचं नाही. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरवले. मग तीच अट खरेदीखतांत शिरली. शेली नावाच्या काळ्या कुटुंबाने 1945 साली अशाच एका रस्त्यावर घर घेतलं. रस्त्याचं नाव मी आधी ‘लबाडी’ असं वाचलं; उच्चार लॅबडी आहे, पण माझं वाचन अगदीच चुकीचं नव्हतं! शेजारी कोर्टात गेले. 1948 मध्ये निकाल लागला, की अशा अटी अमलात आणायला न्यायालयं मदत करणार नाहीत.

कायदा गेला, खरेदीखत गेलं. उरली हद्द. हद्दीच्या नकाशात वंशाचा रकानाच नसतो, म्हणून ती सगळ्यांत टिकाऊ.

ब्लॅक जॅकचं उदाहरण घ्या. काउंटीच्या उत्तरेकडे कमी उत्पन्नाच्या, काळ्या-गोऱ्या अशा दोन्ही कुटुंबांसाठी सदनिका बांधायचं ठरत होतं. 1970 साली तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी घाईघाईने स्वतःची नगरपालिका स्थापली, आणि काही आठवड्यांतच नव्या नगरपालिकेने नव्या सदनिकांवर बंदी घातली. ‘काळे’ हा शब्द कुठेही नाही! हा वंशभेदच आहे असं अपील न्यायालयाने सांगेपर्यंत 1974 उजाडलं.

त्याच काउंटीतली फर्ग्युसन आणि किनलॉक ही एकमेकांशेजारची गावं. एकेकाळी पहिलं गोऱ्यांचं, दुसरं काळ्यांचं. मधला मुख्य रस्ता फर्ग्युसनने साखळदंड लावून बंद केला होता. दुसरा एक रस्ता दिवसा उघडा असे, कारण घरकामाला नि मुलं सांभाळायला बायका किनलॉकहूनच यायच्या. यावर मी वेगळं भाष्य करत नाही.

पुढे फर्ग्युसनमधली माणसं बदलली. 2010 पर्यंत दोन तृतीयांश वस्ती काळ्यांची झाली. पण नगरपालिकेचा कारभार आणि पोलीस बहुतांशी गोरेच राहिले. 2014 च्या सुमारास काउंटीत अशा नव्वदेक नगरपालिका होत्या, बहुतेकांचं कोर्टही वेगळं. एवढ्याशा गावाने हे सगळं चालवायचं कशावर? ज्याच्या हद्दीत मोठी दुकानं, त्याला विक्रीकर जास्त. बाकीची भर दंडातून पडायची. फर्ग्युसनला 2010 साली दंड आणि शुल्कांतून 13 लाख 80 हजार डॉलर मिळाले. 2015 साठी अंदाज धरला होता जवळपास 31 लाखांचा. रस्त्यात ‘चालण्याच्या पद्धती’बद्दल 302 डॉलर, गवत वाढल्याबद्दल 531! ऑगस्ट 2014 मध्ये मायकल ब्राउन या 18 वर्षांच्या निःशस्त्र मुलाला पोलिसाने हटकलं, ते रस्त्याच्या मधून चालतो म्हणून. काही मिनिटांत तो गोळ्यांनी मेला, आणि जगाला फर्ग्युसन कळलं.

त्यानंतर केंद्रीय न्याय खात्याने चौकशी केली. त्या अहवालात एक बिननावाची काळी बाई आहे. 2007 साली तिने एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दंड 151 डॉलर, वर शुल्क. ती गरीब होती, अधूनमधून बेघरही. तारखा चुकल्या, प्रत्येक चुकलेल्या तारखेचा नवा गुन्हा, नवा दंड. सहा दिवस ती तुरुंगात राहिली. एकदा 25 डॉलर, एकदा 50 डॉलर भरायला गेली, तर पूर्ण रक्कम नाही म्हणून कोर्टाने ते परत केले. 2014 च्या डिसेंबरपर्यंत तिने 550 डॉलर भरले होते. बाकी होती 541.